आगराचे मीठ आणि तापलेले प्लास्टिक

मोठा भाऊ डिचोली-पणजी मार्गावर खासगी बस चालवतो. सुटीच्या दिवशी तो आमोण्याला नदीकाठी चोणक माशासाठी गळ टाकतो. गळाला लावायच्या मऊ प्लास्टिकच्या मासोळ्या घरीच करतो. चोणकाने फाडलेली मासोळी तो फेकत नाही. तुकडे करून वितळवतो आणि पुन्हा साच्यात ओततो. प्रत्येक तापवण्यात रंग थोडा करपतो. पांढरा पिवळट होतो, लाल तपकिरी. त्याच्या मते गढूळ पाण्यात चोणकाला करपलेलाच रंग आवडतो.

त्या रविवारी दुपारी मी मदतीला होतो. तापलेल्या प्लास्टिकमध्ये पाण्याचा थेंब गेला की त्याची वाफ होते आणि सगळे बाहेर उसळते, हे मी वाचले होते. म्हणून तुकडे दोन दिवस उन्हात वाळवले होते. एकेक दाबून पाहिला. टोप पुसला, साचा पुसला. थर्मामीटर एकशे सत्तरवर गेला तेव्हा प्लास्टिक काकवीसारखे झाले होते.

"त्या रबराचा वास माझ्या हुमणाक लागता. खिडकी उघडा," वहिनी दारातून म्हणाली. आत तिची माशांची आमटी शिजत होती.

"उघडीच असा. तुझा हुमण करपला काय ता बघ आधी," भाऊ म्हणाला.

या वेळी त्याला तळाशी जाणारी, जड मासोळी हवी होती. वजनासाठी आत बारीक मीठ घालतात, ही माहिती माझी. मीठही मीच आणले होते, पेडण्याकडच्या मिठाच्या आगरातले, पाट्यावर वाटून. आगराचे मीठ हवेतले पाणी ओढत राहते. त्याच्या बरणीच्या तळाशी ओल साचते, हे इथल्या प्रत्येक घराला ठाऊक असते. मलाही ठाऊक होते. तपासले मात्र नाही.

भावाने एक चमचा मीठ टाकले. क्षणभर काही झाले नाही. मग टोप तडतडला आणि एक गोळा त्याच्या उजव्या डोळ्यावर बसला. तो ओढून काढायला त्याने हात नेला. मी दोन्ही मनगटे धरली.

"ओढू नको. कातडी येईल."

वहिनीने शेगडी बंद केली. नळाखाली वीस मिनिटे, घड्याळ लावून, मी त्याचे डोके धरून होतो. प्लास्टिक निवून घट्ट झाले. पापण्यांचे केस त्यात अडकले होते, डोळा मिटलेला. आत काय झाले आहे, कळायला मार्ग नव्हता.

"डोळो गेलो काय रे?" त्याने विचारले. नंतर म्हणाला, "एका डोळ्यावर लायसन ठेवणत नाय."

"मीठ कोणी आणल्यान?" वहिनीने विचारले.

"मी."

तिने गाडीची चावी माझ्या हातात दिली.

इस्पितळापर्यंत भाऊ डावा डोळा उघडा ठेवून रस्ता बघत होता. "गियर बदल. पुढे वळण असा." मी त्याचे ऐकत राहिलो. मागून वहिनीने त्याचा खांदा धरला होता.

डॉक्टरबाईंनी मलम लावून प्लास्टिक सैल केले, पापण्यांचे केस कापले आणि तुकडा सोडवला. पापणी लाल, फुगलेली. त्यांनी ती बोटांनी उघडली, उजेड टाकून बराच वेळ पाहिले. मग डावा डोळा झाकून भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता दाखवला.

"वाचा."

"सगळा धुकट."

"मलमामुळे असेल." त्यांनी डोळा पुसला. "आता?"

पहिली ओळ त्याने वाचली. दुसरी वाचली. तिसरीला थांबला. ती ओळ मला स्पष्ट दिसत होती. त्याचा हात खुर्चीच्या कडेवर घट्ट बसला होता. मग एकेक अक्षर करत त्याने तिसरी संपवली, चौथीही.

"बुबुळ वाचले. पापणी भाजलीय," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आठ दिवस बस चालवायची नाही."

"थांबा, शेवटची ओळ रवली." त्याने ती वाचली. दोन अक्षरे चुकली.

"ती माका दोन्ही डोळ्यांनी दिसणा नाय," वहिनी म्हणाली, आणि त्या दुपारी पहिल्यांदा भिंतीला टेकून खाली बसली.