धक्क्याला लागायची सवय

त्रेचाळिसाव्या वर्षी विमान शिकायला निघालेल्या बाईला लोक जे जे म्हणतात, ते सगळं मला म्हणून झालं आहे. डोंबिवलीतल्या ज्या शाळेत मी भूगोल शिकवते, तिथल्या स्टाफरूममध्ये महिनाभर माझा चहा ‘पायलटीणबाईंचा’ म्हणून येत होता. आई ठाण्याच्या खाडीकाठी कोळीवाड्यातच जन्मली, तिथेच तिने संसार केला. ती बोंबील निवडता निवडता म्हणाली, “कशाला जातेस गो वरती? वरती काय म्हावरा हाय?” बाबा जाळं सांधत राहिले. ते कधीच लगेच बोलत नाहीत, आणि मला नेमका त्याचाच राग येतो.

विमान म्हणजे तरी काय, मायक्रोलाइट. तीन चाकांचा सांगाडा, पुढेमागे दोन खुर्च्या, पाठीशी इंजिन आणि डोक्यावर कापडी पंख. काच नाही, दार नाही. हातात एक आडवा दांडा असतो. तो उजवीकडे ढकलला की विमान डावीकडे वळतं. माझ्याबरोबरचे सगळे मोटारसायकलवाले, ते पहिले तीन-चार रविवार उलटेच वळत होते. मला त्याचं काही वाटलंच नाही, कारण होडीचं सुकाणूही असंच उलटं चालतं. बाबांचा खांदा निकामी झाल्यापासून सुट्टीच्या दिवशी आमची होडी मीच चालवत आलेय. शिकवणारे सर हवाई दलातून निवृत्त झालेले, मूळचे पुण्याचे, शब्द मोजूनमापून वापरणारे. पहिल्याच दिवशी ते म्हणाले, “तुम्हाला वळायला शिकवायची गरज दिसत नाही.” त्या एका वाक्यावर मी पंधरा दिवस मिरवले.

मग उतरायला शिकायची वेळ आली आणि सगळा तोरा उतरला.

धावपट्टी घाट चढून गेल्यावर, एका माळावर. ऊन तापलं की हवा धक्के द्यायला लागते, म्हणून सगळी उड्डाणं सकाळी लवकर. त्यासाठी मी दर रविवारी पहाटे माजिवड्याहून नाशिकच्या रस्त्याला लागायची. एवढ्या लांब जायचं आणि दर वेळी तीच चूक करायची. धावपट्टी जवळ आली की माझा हात दांडा हळूहळू पुढे ढकलायचा. दांडा पुढे गेला की वेग पडतो, वेग पडला की पंख हवा धरत नाही, आणि विमान धप्पकन खाली बसतं. दोनदा सरांनी मागून हात घालून सावरलं. तिसऱ्यांदा चाकं अशी आपटली की माझे दात वाजले.

“वेग का घालवता तुम्ही?” सरांनी विचारलं.

मी म्हटलं, “घालवत नाही सर, आपोआप होतं.”

“आपोआप होतं म्हणूनच सांगतो. पुढच्या रविवारी हे दिसलं तर एकटीने उडायची परवानगी मी देणार नाही. त्या परवानगीच्या सहीशिवाय लायसन्स नाही, आणि खोटी सही मी करत नाही.”

परतताना मी गाडीत सरांशी मनातल्या मनात कडाडून भांडले. माजिवड्याला पोचेपर्यंत ते बरोबर आहेत हेही कळून चुकलं होतं. हात असं का करतो, तेही मला ठाऊक होतं. धक्का जवळ आला की आम्ही इंजिन कमी करतो, मग बंद करतो आणि उरलेल्या ओढीवर होडी अलगद लावतो. वेगात येऊन धक्क्याला आपटतो तो अडाणी, हे मी दहा वर्षांची असताना शिकले होते. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. इथे तर खोड गेली नाही तर मीच जायची वेळ होती.

संध्याकाळी बाबांना सगळं सांगितलं. लायसन्सवर पाणी सोडावं म्हणतेय, हेही सांगितलं. ते पायरीवर बसून जाळ्यातला गुंता सोडवत राहिले. मी चिडून उठणार, तेवढ्यात म्हणाले, “ओहोटीला पुलाखालून जाताना इंजिन कमी करतेस काय?”

“वेडी हाय काय मी? खांबावर जाईन ना.”

“का जाशील?”

“पाणीच ओढून नेतं. वेग नसला तर सुकाणू ऐकत नाय.”

“मग तुझी ती पट्टी धक्का नाय. पूल हाय,” बाबा म्हणाले आणि पाय धुवायला उठले.

पुढच्या रविवारी पट्टी समोर आली तेव्हा मी खरंच कळव्याचा पूल डोळ्यांसमोर आणला. दोन खांब, मधून खेचत जाणारं पाणी. दांडा पोटाशी धरून ठेवला. हात पुढे जायला बघत होता, मी जाऊ दिला नाही. अगदी जमिनीलगत आल्यावरच सोडला. चाकं टेकली. असं पाच वेळा झालं. सर उतरले, मागच्या खुर्चीचे पट्टे नीट बांधले आणि म्हणाले, “एक फेरी मारून या.”

एकटीने वर गेल्यावर विमान इतकं हलकं झालं की मला मोठ्याने हसू आलं. खाली शेततळी, बांध, एका वस्तीवरची निळी ताडपत्री. भीती वाटलीच, पण आनंद तिच्यापेक्षा मोठा होता. मग पट्टीकडे वळले आणि टोकाशी वाऱ्याचा एक झोत आला. वेगाचा काटा खाली सरकला. माझा हात पुढे गेलेला मला दिसला. जमीन जवळ होती, कदाचित निभावलंही असतं. खाली सर बघत होते आणि ही माझी एकच संधी होती. मी दांडा ओढला, पायाखालचं इंजिनाचं पेडल पूर्ण दाबलं आणि पुन्हा वर गेले.

दुसऱ्या खेपेला नीट उतरले. इंजिन बंद करून खुर्चीत बसून राहिले, कारण सही गेली असंच वाटत होतं. सर चालत आले आणि त्यांनी माझी उड्डाणवही मागितली.

“सर, पहिल्यांदा पुन्हा चुकलं,” मी म्हटलं.

“मी बघितलं. दुसऱ्यांदा उतरलात म्हणून सही करत नाहीये. पहिल्यांदा उतरला नाहीत म्हणून करतोय.”

मी विमानांच्या शेडमागे जाऊन मनसोक्त रडले. पुढचे तास, लेखी परीक्षा, परीक्षकाबरोबरचं उड्डाण, हे सगळं यथावकाश पार पडलं आणि लायसन्स हातात आलं. त्यावरचा माझा फोटो भयंकर आहे. तरी बाबा ते घरी येणाऱ्या प्रत्येकाला दाखवतात. पोर विमान उडवते म्हणून कुणी कौतुक करायला लागलं की त्याला थांबवतात आणि म्हणतात, “उडवायचं काय, कोन पन उडवंल. ती एकटी उतरते.”