हृदयाच्या दवाखान्यात खुळखुळा

माझ्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये बाळांचे एकेकटे मोजे साचतात. कोण विसरून गेलं त्याचा पत्ता लागत नाही, अन् फेकवतही नाहीत. किस्स्यांचंही तसंच आहे बघा! लहान मुलांच्या हृदयाच्या ह्या दवाखान्यात, नव्या रायपुरात, बाळांची वाढ तपासायला मी आले तेव्हापासून नुसते साचून राहिले आहेत.

*

मी बाळाच्या डोक्याला टेप लावला, की एखादे तरी आजोबा अडवणारच. "मॅडम, बिमारी दिलची आहे, अन् तुम्ही डोकं काहून मोजून राहिल्या?"

मी सांगते, बाबाजी, हृदयाची रचना चुकली असली की पोटात असतानाच मेंदूला प्राणवायू कमी पोचू शकतो. मग मेंदूची वाढ कधी कधी जरा मागे राहते. म्हणून आम्ही आधीपासूनच लक्ष ठेवतो.

तेलीबांध्याच्या एका आजोबांनी मान डोलावली. "हव, हव! मग माझंही मोजा. बायपास झाला तवापासून चष्माच सापडत नाही!"

*

कविता आली तेव्हा सातवा महिना होता. सोबत सासूबाई आणि नवरा प्रकाश, रेल्वेत गार्ड. आमच्या डॉक्टर सरांनी पोटावरून बाळाच्या हृदयाची सोनोग्राफी केली. दोन मोठ्या रक्तवाहिन्यांची अदलाबदल झालेली! जन्मल्यावर लगेच ऑपरेशन लागणार. सर चित्र काढून समजावत होते, तेवढ्यात सासूबाईंनी हात वर केला.

सर घाबरले. "काकू, मुलगा की मुलगी ते मी सांगणार नाही हं!"

"ते नका सांगू जी! त्याले आमचं बोलणं ऐकू येते का, तेवढं सांगा."

"येतं की! भरपूर बोला त्याच्याशी."

*

झालं! घरात पाळ्या लागल्या. सासूबाई रोज संध्याकाळी पोटापाशी बसून अख्ख्या पाऱ्याच्या, म्हणजे मोहल्ल्याच्या, भानगडी सांगायच्या, एक घर सोडायच्या नाहीत. पुढच्या तपासणीला मी विचारलं, "आणि प्रकाशभाऊ काय बोलतात?"

प्रकाश लाजून चूर!

"यायले काही सुचतच नाही," कविता म्हणाली. "ड्यूटीवरून येतात, पोटाजवळ वाकतात अन् म्हणतात, गोंदिया पॅसेंजर लेट होती!"

"रोज?"

"रोजच लेट असते ना मॅडम!"

*

मुलगी झाली. ऑपरेशन निभावलं. घरी सोडण्याआधी मेंदूचा एमआरआय करायचा होता. झोपेचं औषध नाही. पोटभर दूध, कानांवर आवाज अडवणारे मफ, घट्ट गुंडाळून थेट मशीनमध्ये. मशीनचा तो ठणठणाट, अन् आमची बाई ढाराढूर! मशीन थांबली, तेव्हा कुठे भोकाड पसरलं.

"लाइनीच्या बाजूले राहतो आम्ही," सासूबाई ऐटीत म्हणाल्या. "गाडी थांबली की आमच्या घरी सगळेच उठतात!"

आम्ही खो खो हसलो. कविता हसली नाही. "मॅडम, हिले ऐकू येते ना?"

*

कानांच्या तपासणीत कान ठीक निघाले. पण ऐकलेलं मेंदूला कळतं का, ते मशीन सांगत नाही. ते बाळानंच सांगायचं असतं.

पाचव्या महिन्यात कविता तिला घेऊन आली. मी डाव्या कानामागे खुळखुळा वाजवला. काही नाही. उजवीकडे वाजवला. ढिम्म! सासूबाईंनी हाका मारल्या, चुटक्या वाजवल्या, पाऱ्यातली ताजी भानगडसुद्धा सांगून पाहिली. पोरगी आपली पंख्याकडे टक लावून बसलेली. मी खुळखुळा खाली ठेवला. कविताच्या डोळ्यांत पाणी होतं. सर हळूच म्हणाले, "पुन्हा बोलावू."

तेवढ्यात दार उघडलं. गार्डच्या पांढऱ्या कपड्यांत प्रकाश, धापा टाकत.

"माफ करा मॅडम, उशीर झाला. गोंदिया पॅसेंजर लेट होती!"

पोरीनं पंखा सोडला, मान गर्रकन दाराकडे वळवली आणि दोन्ही पाय झाडत हसायला लागली.