हिरव्या पाण्याची लॅब

तपासलेलं पाणी आम्ही ओतून देतो, बाटल्या धुऊन ठेवतो. पाणी आणणाऱ्यांचं बोलणं मात्र साचत जातं. संभाजीनगरातल्या आमच्या लॅबमध्ये तळ्याचं, टाकीचं हिरवं पडलेलं पाणी येतं. त्यात निळे-हिरवे जिवाणू आहेत का आणि ते विषारी आहेत का, एवढंच आम्ही सांगतो. तेवढ्यातही बरंच काही घडतं.

*

सिल्लोडचे एक चाचा आले. अर्जावर लिहिलेलं, 'पाणी हिरवं आहे'. बाटलीतलं पाणी मात्र काचेसारखं. मी म्हटलं, "चाचा, यात हिरवं काय आहे?"

"मॅडम, इत्ते साफ ऑफिस में गंदा पानी लेके कैसे आते? दोनदा गाळून, उकळून आणलंय."

*

पडेगावच्या एका सोसायटीचे चेअरमन. टाकी नुकतीच रंगवली, हिरवं दिसतंय तो रंगच, असं त्यांचं ठाम मत. आमच्या देशमुख मॅडमनी त्यांना मायक्रोस्कोपमध्ये बघायला लावलं. बराच वेळ डोळा हलेना.

"हे वाढतात?"

"रोज वाढतात."

"मग सभासदांना सांगू नका. आधीच नळाला रोज पाणी नाय. त्यात हे पण राहायला आले म्हटलं तर मीटिंग संपायची नाय."

*

सॅम्पल थंड ठेवायचं, उजेड लागू द्यायचा नाही, असं आम्ही फोनवर सांगतो. वैजापूरच्या आरोग्यसेविका सुनीताताईंनी बाटली बर्फात ठेवली, वरून टॉवेल गुंडाळला आणि मांडीवर घेऊन एसटीत चढल्या. एका बाईनं लगेच उठून जागा दिली. वर हळूच विचारलं, "किती महिन्यांचं?"

सुनीताताई म्हणाल्या, "महिन्यांचं कुठलं, आठ वाजताच घेतलंय."

*

आमचा टेक्निशियन संदीप मुलगी बघायला गेला. समोर पाणी आलं. सवयीनं यानं ग्लास खिडकीच्या उजेडात धरला आणि फिरवून फिरवून बघितला. संदीपची आई घामाघूम.

शेवटी मुलीनंच विचारलं, "काय निघालं?"

"काही नाही. चांगलं आहे."

मुलीचे वडील म्हणाले, "मग आमच्याकडून पण होकार समजा."

लग्न झालं. दोघं मजेत आहेत.

*

सखारामबाबा मेंढरं राखतात. गावच्या तळ्याचं पाणी घेऊन दोन बस बदलून आले होते. रिपोर्ट वाईट आला, विष चांगलंच होतं. मी त्यांना समोर बसवून सांगितलं, "बाबा, हे पाणी मेंढरांना अजिबात पाजू नका."

"नाय पाजत. चार दिस झालं, त्येंनी तोंडच लावलं नाय."

"मग तपासायला एवढ्या लांब कशाला आलात?"

बाबांनी रिपोर्टची नीट घडी घातली आणि आतल्या खिशात ठेवली.

"सोमवारपासून त्येच पाणी गावच्या नळाला सोडायचं ठरलंय. मी मेंढरांचं सांगून बघितलं. सरपंच म्हणले, लेखी आणा."