बाभळींकडे वळणारी बोट

पंजाबराव ढोले पोलाद कारखान्यात इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक होते. एखादं यंत्र बिघडलं की हात लावण्याआधी ते थोडा वेळ नुसते त्याच्याजवळ बसत, आजाऱ्याच्या उशाशी बसावं तसे. कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टर दहामध्ये, त्यांना घाबरलेलं कोणी पाहिलं नव्हतं. चौऱ्याऐंशीच्या हिवाळ्यात मात्र ते एका बोटीला घाबरले.

रिसालीच्या पलीकडच्या तलावावर काही हौशी अफसरांनी मिळून एक फायबरची मोटरबोट ठेवली होती. एकाने परदेशातून आणलेला ऑटोपायलट पंजाबरावांनीच तिला बसवून दिला होता. चालकाच्या बाकाखाली होकायंत्र होतं. तबकडीवर दिशा लावली की सुकाणू आपोआप फिरे आणि बोट त्या दिशेने जाई. रविवारी बोट चालवायला असे त्यांचा जिवलग मित्र दौलतराव. पलीकडच्या घाटाची दिशा कळावी म्हणून त्याने तबकडीवर लाल रेघ ओढून ठेवली होती. काटा रेघेवर ठेवायचा, पुढे बोटीच्या नाकाडाशी जाऊन बसायचं आणि मंडळींना सुपारी कातरून वाटायची, असा त्याचा थाट.

आदल्या पावसाळ्यात बोटीच्या पंख्यात अडकलेलं शेवाळ काढताना दौलतराव तोल जाऊन पाण्यात पडला. प्रेत सापडलं ते डावीकडच्या काठावरच्या बाभळींखाली.

दिवाळीनंतर बोट पुन्हा सुरू झाली आणि वेगळंच दिसू लागलं. काटा लाल रेघेवर ठेवला की बोट घाट सोडून डावीकडे कलायची आणि थेट बाभळींपाशी जाऊन टेकायची. हाताने चालवली तर नीट जाई. लोक म्हणू लागले, दौलतराव ओढते. बोटीत बसायला कोणी येईना.

बोलणं तिथेच थांबलं असतं तर बरं होतं. पण दौलतरावाची मुलगी तारा हिची सोयरीक दुर्गच्या एका रेल्वेवाल्या घरी जवळजवळ जमली होती. मुलाची आई शकुबाई हिने निरोप धाडला, "ज्या घरचा माणूस असा भटकून राहिला, त्या घरची पोरगी कशी करावी?"

पंजाबरावांनी मनावर घेतलं. सुकाणूचा पट्टा पाहिला, वायरी तपासल्या, हत्यारांची पेटी काठावर ठेवली, खिशातल्या किल्ल्यासुद्धा काढल्या, कारण लोखंड जवळ असलं की होकायंत्र चुकतं. मग बाकावरची गादी उचलून घाटावर ठेवायची, बाकाचं झाकण उघडायचं आणि होकायंत्रावर डोळे लावून बोट सोडायची. बोट नाकासमोर जाई. झाकण बंद करून, गादीवर बसून दुसरी फेरी केली की पुन्हा बाभळी.

घाटावरचा राखणदार नत्थू म्हणाला, "साहेब, तुमी डोया लावून बसले का तो लाजते. दोस्त हाय ना तुमचा!"

पंजाबराव हसले. पण त्या आठवड्यात घराचं दार वाऱ्याने हललं तरी ते मान वर करत.

एका सकाळी गादी दवाने ओलीचिंब झाली होती. ती उन्हात टाकून, झाकण बंद करून ते उघड्या फळीवर बसले. बोट सरळ गेली. फळीवर बसल्या बसल्याच त्यांच्या ध्यानात आलं. परत येऊन त्यांनी गादी उचलली. एका कोपऱ्याला ती जड होती.

गाद्यांच्या नव्या खोळी दिवाळीत दौलतरावाच्या बायकोने, सत्यभामेने, शिवून दिल्या होत्या. पंजाबराव गादी घेऊन तिच्याकडेच गेले. तिच्यासमोर शिवण उसवली. आतून दौलतरावाचा लोखंडी अडकित्ता निघाला.

"मीच ठेवला, भाऊजी," ती म्हणाली. "लोखंड असलं का गेलेला माणूस जवळ येत नाही म्हणते. तो या बोटीत बसूनच घरी येईन, असं वाटे."

"वहिनी, यानंच तं होकायंत्र फिरून राहिलं होतं. दौलतले उगाच बोल लागला."

"मंग तो नव्हता?"

"नाही."

हे ऐकून तिला हलकं वाटेल असं त्यांना वाटलं होतं. ती मात्र भिंतीला टेकून खाली बसली.

"शकुबाईले सांगावं लागन," पंजाबराव म्हणाले. "मी म्हणतो ना, माझंच काही लोखंड राहून गेलं होतं. नाहीतर लोक म्हणतील, बायकोनंच नवऱ्याले दूर लोटलं."

"तुमी कावून खोटं बोलता? मी सांगतो."

रविवारी शकुबाई आली. अंगाने जाड, आवाजाने त्याहून. अडकित्ता परत गादीत घालून पंजाबरावांनी बोट सोडली. ती कलली, बाभळींपाशी गेली. शकुबाईने दोन्ही हातांनी कड धरली. तिथे सत्यभामेने गादी उसवली आणि अडकित्ता काढून सगळं सांगितलं.

"म्हणजे तुले आपल्याच नवऱ्याचं भेव वाटत होतं?" शकुबाईने विचारलं.

"भेव नाही, बाई. तो बोलवाले आला असता तं मी गेली असती. मंग ताराले कोणी पाहिलं असतं?"

शकुबाईने पदराने तोंड पुसलं.

"फागुनात करू लग्न," ती म्हणाली. "पण माह्या सुनेले या बोटीत बसवायचं नाही, सांगून ठेवतो."

अडकित्ता आता होकायंत्रापासून दूर, नाकाडाशी बसलेल्या शकुबाईच्या ओटीत होता. पंजाबरावांनी बोट हाताने अलीकडच्या घाटापाशी परत आणून काटा पुन्हा लाल रेघेवर ठेवला. बोट सरळ पलीकडच्या घाटाकडे निघाली. सत्यभामा समोर पाहत बसली होती. तिने एकदाही मान वळवली नाही. यंत्राचं सगळं ठाऊक असलेले पंजाबराव मात्र घाट येईपर्यंत डावीकडे पाहत होते.