वार्निश लावलेला देव

सुरतच्या आमच्या घरात भिंतीवर एक लाकडी मुखवटा होता. वडिलांनी तो बमरोलीच्या भंगारवाल्याकडून घेतला आणि हौसेने वार्निश लावून टांगला. यंदा दार दुरुस्त करायला आलेल्या डांगी सुताराने तो ओळखला. भवाड्यात, म्हणजे मुखवट्यांच्या नाचात, नाचणारा तो त्याच्या शेजारच्या गावचा देव होता. वडील तो परत द्यायला निघाले. मी सोबत गेलो.

गावच्या भगताने गुळगुळीत लाकडावरून बोट फिरवलं. “दादा, देवाला लग्नाला नटवून काढलं होतं का?” माणसं हसली. वडील हसले नाहीत.

भगत म्हणाला, “ज्याच्या घरी मान आहे, तो घालून नाचेल. वारं आलं तर देव. नाही तर नुसतं लाकूड, घेऊन जा परत.”

संबळ वाजू लागलं. मानकरी नाचला, थांबला, पुन्हा नाचला. अंगात काही येईना.

“वार्निशनेच घात केला,” वडील पुटपुटले.

भगताने मुखवट्याच्या कपाळावर शेंदराचा जाड लेप दिला. बऱ्याच वेळाने मानकऱ्याचे खांदे थरथरले आणि बायका पाया पडायला पुढे सरकल्या. वडील मात्र जागचे हलले नाहीत. देव आता आपल्याला काय बोलेल, याची धास्ती त्यांच्या चेहऱ्यावर होती.