देवमाणसाचे साक्षीदार

मुदखेडची बुद्धप्रिया सोळा वर्षांची असताना डॉक्टर व्हायचं म्हणून लातूरला शिकवणीसाठी गेली, आणि शिकवणीच्या मालकानं तिच्यावर जबरदस्ती केली. तिची आई सरजाबाई लेकीला घेऊन थेट ठाण्यात गेली. तेव्हा शहरातल्या शहाण्यासुरत्या माणसांना कंठ फुटला. निवृत्त मुख्याध्यापक दत्तोपंतांनी टीव्हीवाल्यांना बोलावून सर म्हणजे देवमाणूस असल्याची ग्वाही दिली. पोरीच्या वळणाबद्दलही दोन शब्द टाकले.

देवमाणूस तुरुंगात गेला. त्याच्या भक्तांपैकी एकानंही नंतर त्याला भेटायला तुरुंगाचं दार पाहिलं नाही, हे कळल्यावर बुद्धप्रियाला हसू आलं. तेवढीच त्यांची निष्ठा!

डॉक्टरकी हुकली. तिनं नांदेडला समाजकार्य शिकून घेतलं. आता अशा खटल्यांतल्या पोरींसोबत ती ठाण्यात, दवाखान्यात, कोर्टात बसते. वकील काय विचारील, कुठं घाई करील, हे आधी समजावते. तिच्या वेळी समजावणारं कुणी नव्हतं.

गेल्या मार्चात ती धर्माबादच्या सिंधुसोबत लातूरच्या ठाण्यात फौजदारबाईंच्या बोलावण्याची वाट बघत बसली होती. सिंधु अकरावीत. तक्रार वसतिगृहाच्या चालकाविरुद्ध. तिथं दत्तोपंत आले, इस्त्रीच्या सदऱ्यात, अत्तर लावून. महिला दिनाला बुद्धप्रियाचा सत्कार ठरलाय म्हणाले. शाल, श्रीफळ, तेही आमदारांच्या हातून. मग आवाज उतरवून त्यांनी सुचवलं, की चालक आपल्यातलाच आहे, पोरीच्या लग्नाचाही विचार व्हावा, तक्रार मागं घेतलेली बरी.

बुद्धप्रियानं त्यांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. पूर्वी या माणसाच्या धाकानं तिला झोप लागत नसे. आता चिखलात पडलेली चप्पल पाहावी तसं वाटलं.

"सर, सत्कार कशाचा करून राहिलात? तवा तुमचं ऐकून गप बसले न्हाई याचा?"

दत्तोपंत समाजाबद्दल काहीतरी पुटपुटले.

"तुमचा समाज लई नाजूक हाय. पोरगी बोलली की त्याला मूर्च्छा येती. सरका, साहेबबाई बोलवून राहिल्या."

ते सरकले. बाकावरून सिंधु हे सगळं बघत होती. तिनं हळूच विचारलं, "ताई, तुमाला भ्या न्हाई वाटत?"

"कोर्टात जाताना अजून वाटतं. या लोकांचं न्हाई वाटत. कीव करायच्या लायकीचे बी न्हाईत ते."

सिंधु उठली. तिनं ओढणी सारखी केली आणि आत जाऊन सगळं सांगितलं. संध्याकाळी चालकाला अटक झाली. सत्काराच्या दिवशी बुद्धप्रिया सिंधुसोबत तपासणीसाठी सरकारी दवाखान्यात होती.