शेवटच्या जागेसाठी भांडण

आमच्या बाबांना प्रवचनातलं अर्धंच ऐकू येतं. कान शाबूत आहेत, पण आवडीचा भाग आला की ते तिथेच थांबतात. त्या रविवारी पाळकसाहेबांनी येशूची मेजवानीची गोष्ट घेतली होती: लग्नाला गेलात तर मानाच्या जागेवर बसू नका, शेवटी बसा, म्हणजे यजमान येऊन तुम्हाला वर बोलावेल. बाबांनी त्यातलं ‘वर बोलावेल’ एवढंच घरी आणलं.

त्याला कारण होतं. आमच्याकडे लग्नाच्या पंगतीत जेवणाआधी कुणीतरी उपकाराची प्रार्थना करतो आणि आमच्या गोतावळ्यात तो मान वर्षानुवर्षं बाबांचा. निवृत्त शिक्षक, खणखणीत आवाज, आणि प्रार्थना एवढी लांब की वरणावर साय धरायची. यंदा मात्र चर्चच्या पंचांत बाबांच्या जागी एक तरुण गृहस्थ निवडून आला होता. राळेगावजवळच्या एका गावात आमच्या आतेभावाच्या, म्हणजे दादाच्या, मुलीचं लग्न होतं, आणि तिथे प्रार्थना कोण करणार या काळजीने बाबा आठवडाभर नीट जेवले नव्हते.

एसटीत ते मला म्हणाले, "आपण शेवटी बसू. बोलावतीनच."

"नाही बोलावलं तर? मी दादाच्या कानावर घालू का?"

"तू तोंड उघडशीन तं पाय! सांगून बोलावलं तं कायचा मान?"

घोळ असा झाला की तेच प्रवचन आमच्या चर्चमधून लग्नाला आलेल्या बाकीच्या मंडळींनीही ऐकलं होतं. पंगतीचं वरचं टोक रिकामं, आणि खाली, पाण्याच्या ड्रमजवळ, चपलांच्या ढिगाशेजारी, ही गर्दी! "तुम्ही वर बसा." "नाही नाही, मी लहान माणूस." एका काकांनी तर नम्रतेच्या भरात दुसऱ्याला कोपराने ढकललं. वाढपी ओरडले, "कुठीबी बसा, पण बसा!" अगदी टोकाला यजमानांच्या शेतात कापूस वेचणारी एक म्हातारी कोलाम आदिवासी बाई आधीच बसली होती. बाबांनी तिला थोडं वर सरकायला लावलं, दुखऱ्या गुडघ्याची पर्वा न करता मांडी घातली आणि शर्यत जिंकली. मी समोरच्या रांगेत बसले.

मग माइकवरून नव्या पंचांचा आवाज आला. बाबांनी डोळे मिटले. प्रार्थना दोन वाक्यांत संपली. बाबा मात्र उरलेल्या प्रार्थनेची वाट पाहत तसेच डोळे मिटून राहिले. डोळे उघडले तेव्हा पानात वांग्याची भाजी पडलेली होती.

मला इतका राग आला की पोळी मोडवेना. दादा पंगतीतून फिरत होता. तो जवळ आला की बाबांची मान लांब व्हायची आणि तो वळला की आत जायची. माझा हा बाप वर्गात कुणाला घाबरला नाही, आणि इथे भाच्याच्या नजरेसाठी झुरत होता. मला रडूच येणार होतं. त्यात वरून वाढत येणारी बुंदी म्हातारीच्या पानापर्यंत आली आणि संपली. बाबांचं पान कोरडंच राहिलं.

म्हातारीने आपल्या पानातली बुंदी मुठीने उचलली आणि बाबांच्या पानात टाकली.

"खा गुरुजी. या जागेवर बुंदी पोचतच नाही. मी तं दर लग्नात इथंच बसते न."

बाबांनी बुंदीला हात लावला नाही.

"पण या जागेसाठी भांडण म्या आजच पाह्यलं," ती म्हणाली आणि दात नसलेल्या तोंडाने मनापासून हसली. "तुमच्यात काही सणगिण हाय का आज?"

बाबांचे कान लाल झाले. त्यांनी बुंदीकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि खाल्ली.

घास तोंडात असतानाच दादा धावत आला. "मामा! तुम्ही इथं कायले बसले? उठा, वर चला. पाळकसाहेबांजवळ जागा ठेवली हाय, शेवटची प्रार्थना तुम्हीच करा!"

अगदी गोष्टीतल्यासारखं. सगळी पंगत पाहत होती. बाबांना आठवडाभर याचसाठी अन्न गोड लागलं नव्हतं. ते एक हात जमिनीला टेकून अर्धे उठले, आणि पुन्हा बसले.

"राहू दे. आधी इथं बुंदी आण. बाईच्या पानात."

परतीच्या एसटीत मी कौतुकाने म्हटलं, "बाबा, आज खरं प्रवचन तुम्ही केलंत."

"कायचं प्रवचन?" ते खेकसले. "मी जाणारच होतो वर. पण तिची जागा घेतली, वरून तिची बुंदीबी खाल्ली. मंग कोन्या तोंडानं उठू?"